अर्धा पार्क बघून परत येऊ नका: मराठी मंडळांना आणि टूरवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
जर्मनीतली समस्त मराठी मंडळं, त्यांच्या ट्रिप कमिट्या, आणि 'बारा दिवसांत अख्खा युरोप' उरकणारे आपले टूरवाले,

सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय, आधीच सांगून ठेवते, चहा घेऊन बसा. आणि हे तक्रारीचं पत्र आहे असं वाटलं तर पहिली तक्रार माझ्याविरुद्धच आहे, कारण ज्या ट्रिपबद्दल मी बोलणार आहे तिची एक्सेल शीट मीच बनवली होती.

तर झालं असं. आमच्या ग्रुपची बर्लिनहून बाड मुस्काऊला, म्हणजे पोलंडच्या बॉर्डरवरच्या एका जर्मन गावी, तिथला मोठा पार्क बघायला बस ट्रिप गेली. शेहेचाळीस माणसं, त्यात नऊ पोरं, चार आजी-आजोबा, आणि दशम्या-चटण्यांचे इतके डबे की बसमध्ये बॅगा ठेवायला जागा नाही. साडेअकराला पोचलो. समोर तो लालसर गुलाबी राजवाडा, पुढे हिरवळ, पाण्यात पडलेलं त्याचं प्रतिबिंब, सगळ्यांचे फोन वर. ग्रुप फोटो, मग फॅमिली फोटो, मग फक्त बायकांचा फोटो, मग पुरुष म्हणाले आमचा राहिला. आइस्क्रीम खाल्लं. पावणेएकला शिट्टी वाजली, चला चला, बस सुटतेय. आणि बस कुठे गेली? नदीपलीकडे, पोलंडमध्ये, वेंकनित्साच्या बाजारात! तिथे आपण दोन तास होतो. दोन तास! वेताच्या टोपल्या, लोणच्याच्या काकड्या, चीज, बागेत ठेवायचे ते दाढीवाल्या बुटक्यांचे पुतळे, सगळं घेऊन संध्याकाळी खूश होऊन परत.

म्हणजे बॉर्डर आपण ओलांडली, पण बाजारासाठी. पार्कासाठी नाही. आणि त्या पार्काचा जवळपास दोन तृतीयांश भाग नदीच्या पलीकडे, पोलंडमध्येच आहे हे बसमधल्या एकालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी शीटमध्ये 'पार्क: सव्वा तास' असं लिहून मोकळी झाले होते. लग्नाला जाऊन मांडवाच्या कमानीपाशी फोटो काढून घरी यावं तसं झालं हे. बुटका मात्र अजून बाल्कनीत आहे, रोज माझ्याकडे बघून हसतो.

बाजाराला मी नावं ठेवत नाही हां. तिथल्या लोकांचं पोट त्यावर आहे, आणि त्या काकड्या खरंच मस्त होत्या.

नंतर सांगलीहून आई आली तेव्हा तिला घेऊन मी परत गेले, या वेळी ट्रेनने. बर्लिनहून कॉटबुस, कॉटबुसहून गाडी बदलून वाइसवासर, तिथून बसने बाड मुस्काऊ. स्टेशनच्या पाट्यांवर जर्मनच्या खाली दुसरं एक नाव दिसतं, ते सोर्बियन भाषेतलं. सोर्ब म्हणजे तिथले जुने स्लाव्ह लोक, जर्मनीत राहून आपली भाषा टिकवलेले, त्यांच्या भाषेत मुस्काऊ म्हणजे मुझाकोव्ह. आईला हे फार आवडलं, बेळगावात असं झालं असतं तर, असं ती पुटपुटली, मी म्हटलं तो विषय आत्ता नको.

आत गेल्यावर अर्ध्या तासाने आईने विचारलं, "अगं पण यात बाग कुठाय?"

बरोबरच होतं तिचं. आपल्या डोक्यात बाग म्हणजे कापलेल्या मेंदीचं कुंपण, मधे कारंजं, कडेने झेंडू, आणि 'फुले तोडू नयेत' ची पाटी. इथे तर नुसती गवताची माळरानं, मधेच एखादा प्रचंड बीच नाहीतर ओक, झाडांचे पुंजके, वळणं घेत जाणारी पायवाट आणि नदी. वाटतं की हे असंच होतं, कुणीतरी फक्त बाक आणून ठेवलेत. आणि गंमत हीच आहे की यातलं काहीही आपोआप झालेलं नाही. हा सगळा लुसाशिया भाग म्हणजे रेताड, पाइनच्या झाडांचा, जमीन हलकी. तिथे एका माणसाने माती आणून, नदीतून नवीन फाटा खणून, मोठी झाडं मुळासकट उपटून दुसरीकडे लावून हे चित्र उभं केलं. चित्रच म्हणायचं, फक्त रंगांच्या जागी झाडं.

तो माणूस म्हणजे हेर्मान फॉन प्युक्लर-मुस्काऊ. जन्म १७८५, मुस्काऊचाच जहागीरदार, नंतर प्रिन्स झाला. भयंकर उधळ्या, हौशी, बढाईखोर, आणि बागेचं वेड अंगात भिनलेला. नेपोलियनची युद्धं संपत आली तेव्हा तो इंग्लंडला गेला, तिथले लँडस्केप पार्क बघितले आणि ठरवलं की आपल्या गावात असंच करायचं, पण यापेक्षा मोठं. आणि सुरुवात कशी केली माहितीये? १ मे १८१५ ला त्याने मुस्काऊच्या गावकऱ्यांना उद्देशून एक जाहीर पत्र काढलं, की मला इथे पार्क करायचाय, तुमच्या जमिनी मला द्या. म्हणजे हा पार्कच मुळात एका खुल्या पत्रातून उगवलाय! हे कळल्यावर मी म्हटलं आता आपण पण पत्रच लिहायचं.

१ मे. आपला महाराष्ट्र दिन. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

पैसे अर्थातच पुरले नाहीत. बायको लुसी, प्रशियाचा चॅन्सेलर हार्डेनबेर्गची मुलगी, तिचेही संपले. मग या दोघांनी काय केलं, तर १८२६ साली चक्क कागदोपत्री घटस्फोट घेतला, कशासाठी, तर प्युक्लरने इंग्लंडमध्ये जाऊन एखादी गडगंज श्रीमंत नवरी शोधावी आणि तिच्या पैशातून पार्क पूर्ण करावा! लुसी म्हणाली जा. तो गेला, जवळजवळ तीन वर्षं तिकडे फिरला, नवरी काही मिळाली नाही, पण तिथून त्याने लुसीला जी पत्रं लिहिली ती पुस्तकरूपाने निघाली आणि धडाधड खपली. तो पैसा परत पार्कात गेला. आईला ही स्टोरी सांगितली तर ती म्हणे, "त्या लुसीचा पुतळा पाहिजे इथे, याचा काय करायचाय."

शेवटी १८४५ ला कर्जापायी त्याला मुस्काऊ विकावं लागलं. गंमत बघा, नंतर आलेल्या मालकांनी, म्हणजे नेदरलँड्सचा प्रिन्स फ्रेडरिक आणि मग फॉन आर्निम घराणं, पार्क मोडला नाही, उलट एदुआर्द पेट्झोल्ड नावाचा एक जबरदस्त माळी (त्याला नुसता माळी म्हणणं म्हणजे सचिनला बॅट्समन म्हणणं) पुढे कित्येक वर्षं तिथे काम करत राहिला. प्युक्लरने मग कॉटबुसजवळ ब्रानित्झला दुसरा पार्क केला आणि तिथल्या तळ्यात मातीचा पिरॅमिड बांधून त्यातच स्वतःला पुरून घेतलं. हौसेला मोल नसतं म्हणतात, याच्या बाबतीत मोल होतं आणि ते दुसऱ्यांनी भरलं.

इथे एक गोष्ट टूर गाइडच्या स्क्रिप्टमध्ये नसते म्हणून मी मुद्दाम लिहितेय. प्युक्लरच्या नावाचं तीन थरांचं आइस्क्रीम सगळे सांगतात, घटस्फोटाची गोष्ट सगळे हसत हसत सांगतात, पण माखबुबाबद्दल हळूच, एका वाक्यात. १८३७ च्या सुमारास इजिप्तच्या दौऱ्यात त्याने गुलामांच्या बाजारातून एक इथिओपियन मुलगी विकत घेतली. मुलगीच, बाई नाही. तिला माखबुबा म्हणायचे, म्हणजे अरबीतलं तेच आपल्या ओळखीचं महबूबा. ती त्याच्यासोबत मुस्काऊपर्यंत आली आणि ऑक्टोबर १८४० मध्ये क्षयाने गेली, तिथेच पुरलंय तिला. आइस्क्रीम खाताना पोरांना हे सांगायची गरज नाही, पण मोठ्यांना सांगा. आपल्या ट्रिपमध्ये 'किती रोमँटिक राजा' असं चार जण तरी म्हणाले.

आता मुख्य मुद्दा.

१९४५. युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत नायसेवर, म्हणजे पार्कातल्या याच नदीवर, आघाडी येऊन थांबली, पार्कातले पूल उडाले, राजवाडा जळाला. मग नकाशावर नवीन रेघ मारली गेली, ओडर-नायसे रेषा, आणि बॉर्डर थेट पार्काच्या मधून. पश्चिमेला राजवाडा, गाव, जवळची सजवलेली बाग हे जर्मनीत. पूर्वेला जास्त मोठा भाग, उंचावरचा, टप्प्याटप्प्याने चढत जाणारा, तो पोलंडमध्ये. पूर्वेकडची जर्मन माणसं हाकलली गेली, त्यांच्या घरात पोलिश कुटुंबं आली आणि त्यांतली कितीतरी स्वतःच आपलं घरदार पूर्वेला, सोव्हिएत युनियनला गेलेल्या भागात सोडून आलेली. फाळणीच्या गोष्टी ऐकत मोठ्या झालेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजवायला नको. अशा माणसाला समोरचं जंगल म्हणजे कुणा जर्मन राजाची बाग आहे याचं काय कौतुक असणार? त्याने सरपण आणलं, झालं. राजवाड्याचं इकडे खंडर, तिकडे झाडं माजली. कोणीतरी मुद्दाम पार्क उद्ध्वस्त केला असं नाही, नुसतं चाळीस-पंचेचाळीस वर्षं कुणी झाडं छाटली नाहीत. लँडस्केप पार्क मारायला तेवढं पुरतं.

आणि हो, बसमध्ये एक काका म्हणत होते की 'इथे बर्लिनसारखी भिंत होती'. नव्हती हो. पूर्व जर्मनी आणि पोलंड दोन्ही कम्युनिस्ट, एकाच गोटातले. १९७२ ते १९८० तर व्हिसाशिवाय जा-ये होती, पुढे पोलंडमध्ये कामगारांची चळवळ पेटली तशी पूर्व जर्मनीने घाबरून दार लावलं. दोस्त देशांमधली बॉर्डर म्हणायची, पण पूल काही कुणी बांधला नाही पार्कातला.

मग १९८९ च्या आसपास, म्हणजे तिकडे सगळी उलथापालथ चालू असताना, दोन्हीकडच्या हेरिटेजवाल्या लोकांनी एकमेकांशी बोलून ठरवलं की हा पार्क एकच आहे आणि तो एक म्हणूनच परत उभा करायचा. याची मला कमाल वाटते. देशांचं अजून काही ठरत नव्हतं आणि हे लोक जुना नकाशा पसरून झाडं मोजत होते. १९९३ ला जर्मन बाजूला पार्कासाठी फाउंडेशन झालं, पोलिश बाजूचं तिथल्या राष्ट्रीय वारसा संस्थेकडे. २००३ ला पार्कातला डबल ब्रिज परत जोडला. १ मे २००४ ला (आली बघा तारीख!) पोलंड युरोपियन युनियनमध्ये आलं, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये युनेस्कोने दोन देशांचा मिळून एक पार्क म्हणून जागतिक वारसा यादीत घेतला, युनेस्कोच्या हिशोबाने एकूण ५५९.९ हेक्टर. डिसेंबर २००७ पासून पोलंड शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात बॉर्डर चेकिंग नसलेल्या देशांच्या गटात, पुलावरचं चेकिंग संपलं. २०११ ला दुसरा पूल, इंग्लिश ब्रिज. राजवाडाही हळूहळू उभा राहिला, आत प्रदर्शन आहे, टॉवरवर चढता येतं.

पण पार्क परत उभा करणं म्हणजे राजवाड्याला रंग देणं नव्हे, हे मला त्या दिवशी आईसोबत कळलं.

आम्ही डबल ब्रिजवर आलो. इकडे काळा-लाल-पिवळा खांब, तिकडे लाल-पांढरा. आई मधोमध थांबली, कठड्यावरून खाली बघितलं आणि म्हणाली, "ही बॉर्डर? एवढीशी? आमच्या कृष्णेच्या निम्मी पण नाही." मग तिने एक पाय जर्मनीत आणि एक पाय पोलंडमध्ये असा फोटो काढून घेतला, साडी आणि स्पोर्ट्स शूज, माझ्याकडचा बेस्ट फोटो आहे तो. पलीकडे गेलो. तिकडे माणसंच नाहीत. आपल्या मागे राजवाड्यापाशी शेकडो लोक, आणि इथे दोन सायकलवाले आणि एक कुत्रा. वाट चढत चढत जाते, झाडी दाट होते, आणि मग एका वळणावर...

तिथे तीन माणसं काम करत होती, नारिंगी जॅकेटवाली. एक जण खोडाशी चेनसॉ घेऊन, दुसरा वाटेच्या कडेला एका ठिकाणी उभा राहून नुसता बघतोय, पुढे ये, मागे जा, हात वर करून खुणा करतोय. मला वाटलं हा मुकादम, काम न करणारा. त्यांच्यातल्या एकाला जर्मन येत होतं, पांढऱ्या मिशा, साठीचा असेल. त्याने आम्हाला बोलावलं, त्या बघणाऱ्याच्या जागी उभं केलं, आणि आईला हाताने खूण केली की थोडं खाली वाका. आई वाकली. आणि फांद्यांच्या मधल्या फटीतून, खाली नदी, नदीपलीकडे कुरण, कुरणाच्या टोकाला तो गुलाबी राजवाडा, बरोब्बर मधोमध, फ्रेम केल्यासारखा.

तो म्हणाला, माणसाच्या डोळ्याची उंची इथे धरायची, तेव्हा बाक होता म्हणजे बसलेल्या माणसाची. ही मधली झाडं आपोआप उगवलेली आहेत, पक्ष्यांनी बिया टाकलेली, साठ वर्षांची झाली तरी ती पार्कातली नव्हेत. पण एकदम सगळी काढायची नाहीत, नाहीतर मागच्या जुन्या झाडाला एकदम ऊन लागतं, त्याची साल भाजते. म्हणून यंदा दोन, पुढच्या वर्षी दोन. मी विचारलं हे काम कधी संपणार? तर तो हसला. म्हणाला, ते आधीचे उन्हाळे बरे होते, आता पाऊस नाही, जुने बीच वरून वाळत येतात, एकीकडे आपण झाडं काढतोय आणि दुसरीकडे हवी ती झाडं आपोआप मरतायत. मग त्याने थर्मासमधला चहा दिला. काळा, बिनदुधाचा, आईने तोंड वाकडं न करता प्यायला, हे मोठं आहे.

तेव्हा मला कळलं की प्युक्लरने पूर्वेचा उंच काठ घेतला तो कशासाठी. राजवाडा तिकडून बघायचा असतो! आणि इकडून बघायची ती पलीकडची टेकडी. दोन्ही काठ एकमेकांकडे बघत बसलेत, असा तो डिझाइन केलाय. नुसता जर्मनीतला भाग बघणं म्हणजे अर्धा पार्क बघणं सुद्धा नाही, आरशाच्या मागच्या बाजूला उभं राहणं आहे. त्या माणसांनी तीस-पस्तीस वर्षं खपून जी नजर परत मोकळी केली, तिथे जाऊन आपण बघितलंच नाही तर ती मोकळी करून काय फायदा? अर्धं काम चेनसॉवाल्याचं, उरलेलं अर्धं बघणाऱ्याचं. आणि आपण तिथून टोपल्या घेऊन आलो.

तर आता मागण्या. मागण्या म्हणजे काय, विनंत्याच.

मंडळाच्या कमिट्यांनो, मुस्काऊला ट्रिप नेणार असाल तर पूर्ण दिवस द्या आणि चालत पूल ओलांडा. बसला सांगा की तू तिकडे वेंकनित्साला जाऊन थांब, आम्ही पार्कातून चालत येतो. एवढं एक केलं की सगळं बदलतं, बाजार पण होतो, शेवटी. डबल ब्रिजने जायचं, वरच्या वाटेने प्युक्लरच्या स्मारकाच्या दगडापर्यंत चढायचं, तिथून राजवाडा बघायचा, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खाली नदीकाठी सपाट रस्त्याने यायचं. पार्कात जायला तिकीट नाही, म्हणून तर पैसे द्या कुठेतरी! राजवाड्यातल्या प्रदर्शनाचं तिकीट काढा, लोकल गाइड घ्या, आणि जमलं तर पोलिश बाजूचा एक, जर्मन बाजूचा एक असे दोन घ्या, एकच गोष्ट दोघं वेगवेगळी सांगतात आणि तीच ऐकण्यासारखी असते. फुकटात व्हॉट्सॲपवर आलेली माहिती बसमध्ये माइकवर वाचू नका, भिंतीची गोष्ट तिथूनच आली होती.

टूरवाले भाऊ-ताईंनो, तुमचं मला कळतं. बर्लिन, ड्रेस्डेन, प्राग, त्यात कुठे हे कोपऱ्यातलं गाव बसवणार. पण ड्रेस्डेनपासून फार लांब नाही, आणि तुमच्याकडे आता असे कितीतरी लोक येतात की ज्यांची ही दुसरी तिसरी युरोप टूर आहे, आयफेल टॉवर बघून झालाय, त्यांना काहीतरी वेगळं हवंय. एक रात्र ठेवा तिथे. संध्याकाळी दिवसभराच्या बसेस गेल्या की पार्क कसा दिसतो ते मी सांगत नाही. आणि 'फोटो स्टॉप २० मिनिटे' हा शब्द इटिनरीतून काढून टाका प्लीज, निदान या एका ठिकाणी.

दुसरं, क्रोमलाऊ. जवळच आहे, तिथला तो अर्धगोल दगडी पूल, जो पाण्यातल्या प्रतिबिंबासकट पूर्ण गोल दिसतो, रील्सवर तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. त्यावर चढायला बंदी आहे. बंदी म्हणजे बंदी, 'पटकन एक काढतो' असं नाही. मे महिन्याच्या शेवटाला तिथे ऱ्होडोडेंड्रॉन फुलतात, ते बघा. सीझनमध्ये वाइसवासरहून छोटी नॅरोगेज गाडी पण जाते, पोरं खूश होतील, माथेरान आठवेल.

तिसरं, पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड जवळ ठेवा. अलीकडे दोन्ही बाजूंनी अधूनमधून परत चेकिंग सुरू असतं. आमच्या वेळी एका काकूंची पर्स बसमध्ये राहिली होती आणि त्या बाजारात पूर्ण वेळ पोलिसाची गाडी दिसली की टोपल्यांच्या मागे जात होत्या.

आणि एक जे मंडळाच्या पुढच्या मीटिंगमध्ये मी मांडणारच आहे. मराठीतून एक चार पानांचं माहितीपत्रक करू या. नकाशा, दोन पूल, कुठे वाकून बघायचं, लुसी, माखबुबा, १९४५, सगळं. मी लिहिते, चित्रं काढायला कुणीतरी पुढे या. आपण गणपतीला स्मरणिका काढतो त्यात पन्नास पानं जाहिराती असतात, त्यात चार पानं याला जड नाहीत. जमलेल्या वर्गणीतून थोडी रक्कम दोन्ही बाजूंच्या पार्काला देऊ, अगदी एका झाडापुरती का होईना. दोन्ही बाजूंच्या, एकाच नाही. भांडणं व्हायला नकोत.

कुणीतरी म्हणेल की बाई, तुला जर्मन राजाच्या बागेचं एवढं काय पडलंय, आपल्याकडे गड-किल्ले पडलेत. पडलेतच. २०२५ ला आपल्या बारा किल्ल्यांना युनेस्कोचा दर्जा मिळाला तेव्हा मीही स्टेटस ठेवलं होतं, त्यातला जिंजी तामिळनाडूत आहे, म्हणजे आपलाही वारसा एका राज्यात मावत नाहीच. आता तिथे गर्दी वाढणार, बसेस येणार, फोटो स्टॉप होणार. म्हणूनच म्हणते की यंदा दोन झाडं, पुढच्या वर्षी दोन झाडं असं काम करणारी माणसं एकदा जवळून बघून या. डागडुजी म्हणजे सिमेंट नव्हे हे भाषणातून नाही कळत, त्या मिशीवाल्या काकांकडून पाच मिनिटांत कळतं.

तारीख मी आत्ताच सुचवून ठेवते: १ मे. जर्मनीत सुट्टी, पोलंडमध्ये सुट्टी, आपला महाराष्ट्र दिन, पोलंडच्या युनियनमध्ये येण्याचा दिवस आणि प्युक्लरच्या पत्राचा वाढदिवस. सकाळी राजवाड्यापुढे 'जय जय महाराष्ट्र माझा' म्हणायचं असेल तर म्हणू, पण हळू आवाजात, जवळ राहणारी माणसं आहेत, आणि साडेअकराला पुलावर. डबे पलीकडे जाऊन उघडायचे.

एक्सेल शीट या वेळी पण मीच करणार आहे. 'पार्क' च्या पुढे मी 'सहा तास' लिहिलंय आणि बाजाराला पाऊण तास ठेवलाय, त्यावर कोणी वाद घालू नये. आई एप्रिलमध्ये परत येतेय, तिच्यासाठी पुढची सीट. तिने त्या काकांसाठी सांगलीहून चहाची पावडर आणि वेलदोडे आणायचं ठरवलंय, ते तिथे भेटतील की नाही माहीत नाही, पण दूध आपण वाइसवासरलाच घेऊन ठेवू.

आपली,
ट्रिप कमिटीतली एक
(बुटका हवा असेल तर माझ्याकडून घेऊन जा, फुकट)